शोधणाऱ्याला तुमचा ब्लॉग सापडावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्लॉग लिहिणारे मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे वाचायलाच हवेत असं नाही. पण तुमचा ब्लॉग मुळात शोधात येतच नसेल, तर पहिले चार प्रश्न सोडू नका. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

ब्लॉग सुरू करून दोन महिने झाले. गुगलवर शोधलं तर कुठेच नाही. काय चुकलं असेल?

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघू. शोधात दिसण्याआधी पानाला तीन टप्पे पार करावे लागतात. सर्च इंजिनाचा बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, पानापर्यंत पोचतो आणि ते वाचतो, याला क्रॉल होणं म्हणतात. वाचलेलं पान ठेवण्याजोगं वाटलं तर ते इंडेक्समध्ये, म्हणजे सर्च इंजिनाच्या नोंदवहीत, जातं. मग कोणी काही शोधलं की इंडेक्समधल्या पानांचा क्रम लागतो. लेखक काळजी करत असतात तिसऱ्या टप्प्याची, आणि अडलेलं असतं पहिल्या नाहीतर दुसऱ्या टप्प्यावर.

तपासायची सोपी रीत अशी: शोधचौकटीत इंग्रजीत 'साइट' लिहा, त्याला चिकटून कोलन द्या आणि मध्ये जागा न सोडता ब्लॉगचा पत्ता टाका. तुमची पानं आली तर तुम्ही इंडेक्समध्ये आहात, प्रश्न क्रमाचा आहे. काहीच आलं नाही, तर पहिला संशय एका छोट्या चौकोनावर घ्या. वर्डप्रेसमध्ये सेटिंग्जच्या आत रीडिंग नावाचा भाग आहे. तिथे अगदी खाली, सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, अशा अर्थाचा चौकोन असतो. ब्लॉगरमध्ये हीच गोष्ट सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली उलट बाजूने असते: तिथलं बटण चालू असेल तरच ब्लॉग शोधात येतो. साइटची मांडणी चालू असताना लोक चौकोनात खूण करतात किंवा बटण बंद करतात आणि काम संपल्यावर ते पूर्ववत करायचं राहून जातं.

माझ्याकडूनही हे एकदा झालं आहे. थीम बदलताना खूण केली, आणि पुढचे सहा आठवडे लिहीत राहिलो. एकेक जुनी पोस्ट शोधातून गळत गेली, आणि मी दोष माझ्या लिखाणाला देत होतो. तेव्हापासून कोणीही ब्लॉग दाखवला की मी आधी तो चौकोन बघतो.

रोबॉट्स डॉट टीएक्सटी आणि नोइंडेक्स एकच का?

नाही, आणि त्यांची गल्लत महागात पडते. रोबॉट्स डॉट टीएक्सटी ही १९९४ पासून चालत आलेली पद्धत आहे. कोणत्या भागात फिरू नये, एवढंच ती फाइल बॉटला सांगते. नोइंडेक्स ही पानातच लिहिलेली सूचना असते: वाच, पण शोधात दाखवू नकोस. आता एखादं पान रोबॉट्स फाइलमध्ये अडवलं आणि त्याच पानात नोइंडेक्सही लिहिलं, तर बॉट आत जाणारच नाही, मग ती सूचना त्याला दिसणार कशी? अशा पानाचा पत्ता इतर कुठल्या दुव्यावरून कळला, तर तो मजकुराविना शोधात येऊ शकतो. पान लपवायचं असेल तर नोइंडेक्स वापरा आणि बॉटला आत येऊ द्या.

सर्च कन्सोल लागतंच का? मला तांत्रिक काही कळत नाही.

लागतं. गुगलचं हे साधन फुकट आहे, आणि एकदा ब्लॉगची मालकी सिद्ध केली की रोज बघायचीही गरज नाही. तुमचं कोणतं पान कोणत्या शब्दांना किती वेळा दिसलं, त्यावर किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी क्रम काय होता, हे त्यात कळतं. माहिती १६ महिने मागची मिळते, त्यामुळे या महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी करता येते.

नवशिक्याने त्यातल्या दोनच जागा शिकाव्यात. एक म्हणजे वरची पट्टी, जिथे पानाचा पत्ता टाकला की ते इंडेक्समध्ये आहे का, नसेल तर का नाही, हे कळतं. तिथूनच इंडेक्स करण्याची विनंतीही करता येते. दुसरी म्हणजे परफॉर्मन्सचा अहवाल. त्याबद्दल पुढे बोलूच.

मायक्रोसॉफ्टच्या बिंग या सर्च इंजिनासाठी असंच वेबमास्टर टूल्स आहे. बिंग आणि यांडेक्स हे रशियन सर्च इंजिन यांनी २०२१ मध्ये इंडेक्सनाऊ नावाची सोयही आणली. तिच्यामुळे नवी पोस्ट टाकल्याची वर्दी त्यांना लगेच मिळते. गुगलचा मात्र तिच्याशी संबंध नाही.

सर्च कन्सोल म्हणतं, 'पान क्रॉल केलं, पण सध्या इंडेक्स केलेलं नाही'. याचा अर्थ काय?

या एका ओळीने अनेकांची झोप उडवली आहे, म्हणून थोडं सविस्तर.

तिथे सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी असतात. 'सापडलं, पण इंडेक्स नाही' म्हणजे बॉटला पत्ता माहीत आहे, अजून तो वाचायला आलेला नाही. नव्या ब्लॉगवर हे चालायचंच. बहुतेक वेळा अशा पानाकडे ब्लॉगवरूनच नीट वाट नसते. पोस्ट टाकली, आठवड्याने ती पहिल्या पानावरून खाली गेली, आणि त्यानंतर तिच्याकडे नेणारा एकही दुवा उरला नाही. जुन्या संबंधित पोस्टमधून दोन-तीन दुवे द्या.

'क्रॉल केलं, पण इंडेक्स नाही' ही ओळ वेगळी. इथे पान वाचलं गेलं आणि बाजूला ठेवलं गेलं. चूक दुरुस्त करून सुटणारा हा प्रश्न नव्हे, म्हणूनच तो त्रास देतो. अशा वेळी मी लेखकाबरोबर बसून ते पान मोठ्याने वाचतो आणि विचारतो: याच विषयावरची आधीची दहा पानं वाचलेल्या माणसाला यातून नवीन काय मिळालं? कधी उत्तर निघतं की पोस्ट तीनच ओळींची आहे. कधी एकाच विषयावर पाच तुटक पोस्ट असतात आणि त्या एकमेकींच्या वाटेत येत असतात. त्या पाचांची एक भरीव पोस्ट करा आणि जुने चार पत्ते कायमस्वरूपी रीडायरेक्टने, म्हणजे ३०१ ने, तिच्याकडे वळवा.

टॅगची पानं, महिन्यावारीची पानं, ब्लॉगरच्या पत्त्यामागे लागणारं 'एम बरोबर एक' हे शेपूट, यांच्यापुढे ही किंवा अशीच एखादी ओळ दिसली तर दुर्लक्ष करा. ती पानं इंडेक्समध्ये नसण्याने तुमचं काही बिघडत नाही.

साइटमॅप दिला की क्रम वर जातो का?

नाही. साइटमॅप ही पत्त्यांची यादी आहे, तिच्यामुळे पानं सापडणं सोपं होतं. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते बसतात, म्हणजे तुम्हाला एकच पुरेल. वर्डप्रेस आणि ब्लॉगर दोन्ही ती आपोआप बनवतात. सर्च कन्सोलमध्ये एकदा तिचा पत्ता द्या आणि विसरा.

कीवर्ड किती वेळा यायला हवा?

असा आकडा कोणी सांगितला तर तिथून पुढे त्याचं ऐकू नका. कीवर्डसाठी, म्हणजे लोक जे शब्द शोधतात त्यांच्यासाठी, पानाच्या कोडमध्ये जो वेगळा मेटा टॅग असतो, तो क्रम लावताना आपण वापरतच नाही, हे गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं. तरीही तो टॅग भरत बसणारे आजही भेटतात. शब्द मोजण्यात गेलेला वेळ लोक शोधताना कसे बोलतात ते ऐकण्यात घालवा.

सायकलदुरुस्तीवर लिहिणाऱ्या एका लेखकाचं उदाहरण देतो. त्याच्या पोस्टचं शीर्षक होतं 'रुसवा'. पहिल्या दोन परिच्छेदांत धुकं, चढ आणि दमलेला श्वास. तिसऱ्या परिच्छेदात कळतं की सायकलची चेन उतरली आहे. लिखाण सुंदर होतं, पण भर रस्त्यात चेन उतरलेला माणूस 'रुसवा' शोधत नाही. तो लिहितो, 'सायकलची चेन सारखी का उतरते'.

आम्ही शीर्षक केलं, 'सायकलची चेन सारखी का उतरते: मी तपासलेल्या चार जागा'. पहिल्याच परिच्छेदात त्या चार जागा सांगितल्या: डिरेलरचे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचे, लिमिट स्क्रू, वाकलेला हँगर, झिजलेली चेन, झिजलेले दाते. मग प्रत्येकीसाठी उपशीर्षक आणि जवळून काढलेला एक फोटो. धुकं कुठेही गेलं नाही, ते खाली सरकलं. ज्याच्या बोटांना ग्रीस लागलंय त्याला आधी उत्तर मिळतं, आणि सायकल चालू झाली की तो धुकंही वाचतो. साहित्य म्हणून लिहिलेल्या पोस्टला हे करू नका. कवितेचं शीर्षक कवितेचंच राहू द्या. पण ज्या पोस्टमध्ये कोणाच्या तरी अडचणीचं उत्तर आहे, ती त्या अडचणीच्या शब्दांत सापडायला हवी.

असे शब्द मिळवायला विकतचं साधन लागत नाही. शोधचौकटीत अर्धं वाक्य लिहा आणि खाली येणाऱ्या सूचना वाचा. वाचकांच्या ईमेलमधली भाषा जशीच्या तशी टिपून ठेवा. आणि परफॉर्मन्सच्या अहवालात जा. कोणकोणत्या शब्दांना तुमचं पान दिसलं याची यादी तिथे असते. आपण ज्याबद्दल एकच ओळ लिहिली होती त्यासाठी लोक आपल्यापर्यंत येऊ पाहतायत, असं त्या यादीत बऱ्याचदा आढळतं. पुढची पोस्ट तिथे असते.

शोधात माझं शीर्षक वेगळंच दिसतं. मी तर असं लिहिलंच नव्हतं.

गुगल शीर्षक बदलून दाखवू शकतं, आणि २०२१ पासून हे जास्त जाणवू लागलं. शीर्षक फार लांब असेल, सगळ्या पोस्टना एकच शेपूट लावलेलं असेल, किंवा पानावरचं मोठं शीर्षक आणि टायटल टॅग (पानाच्या कोडमधलं शीर्षक) यांत मेळ नसेल, तर हे घडतं. महत्त्वाचा शब्द आधी घ्या, ब्लॉगचं नाव शेवटी.

मेटा वर्णनाने, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या छोट्या सारांशाने, क्रम बदलत नाही. पण निकालात शीर्षकाखाली बऱ्याचदा तेच दिसतं आणि माणूस ते वाचून क्लिक करतो. अहवालात एखादं पान खूप वेळा दिसलेलं असेल आणि क्लिक नगण्य असतील, तर तिथे शीर्षक आणि वर्णन बदलून बघणं हे सगळ्यात कमी कष्टाचं काम आहे.

पोस्टचा पत्ता देवनागरीत ठेवू की रोमनमध्ये?

दोन्ही चालतात. देवनागरी पत्ता सर्च इंजिनाला नीट वाचता येतो. अडचण होते ती पत्ता कॉपी करून कुठे चिकटवताना. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकावर अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं आणि पत्त्यात त्या प्रत्येक बाइटची तीन चिन्हं होतात. 'सायकल' हा शब्द काना धरून पाच चिन्हांचा, तर त्याच्या जागी टक्क्यांच्या खुणांनी भरलेली ४५ चिन्हं दिसतात. लांबलचक शीर्षक असेल तर निरोपाची अख्खी खिडकी भरते आणि समोरचा माणूस दुव्यावर बोट ठेवायला कचरतो. म्हणून मी दोन-तीन शब्दांचा रोमन पत्ता सुचवतो. मात्र जुने पत्ते केवळ यासाठी बदलू नका. त्यांच्यावर आलेले दुवे तुटतील.

एक पोस्ट किती शब्दांची असावी? रोज लिहावं का?

प्रश्न सुटेपर्यंत लिहावं. शब्दसंख्येला क्रमात गुण नाहीत, रोजच्या हजेरीलाही नाहीत.

जुन्या पोस्टवर नुसती तारीख नवी टाकली तर?

करू नका. वाचक आत येतो, तीन वर्षांपूर्वीचं चित्र बघतो आणि परत जातो. वर्षातून एकदा आपल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या दहा पोस्ट समोर घ्या आणि प्रत्येकीत काय शिळं झालंय ते शोधा. मजकूर खरोखर बदलला तरच तारीख बदला.

दुसऱ्या साइट्सवरून दुवे कसे मिळवायचे? काही जण विकतही देतात.

गुगल १९९८ मध्ये सुरू झालं ते दुवे मोजण्याच्या कल्पनेवरच. कोणी तुमच्या पानाकडे बोट दाखवलं तर ती एक प्रकारची शिफारस धरायची, आणि शिफारस करणारा जितका वजनदार तितकी तिची किंमत जास्त. पेजरँक ते हेच. दुवे आजही मोलाचे आहेत, आणि म्हणूनच त्यांचा बाजारही आहे.

त्या बाजारात जाऊ नका. क्रम वाढवण्यासाठी दुवे विकत घेणं किंवा विकणं हे गुगलच्या स्पॅम धोरणाचं उल्लंघन आहे. क्रम लावण्याच्या पद्धतीत गुगलने २०१२ मध्ये केलेल्या पेंग्विन नावाच्या बदलाने अशा दुव्यांवर उभ्या असलेल्या साइट्सना मोठा फटका बसला. आता असे बहुतेक दुवे मोजलेच जात नाहीत, म्हणजे पैसे बुडतात ते वेगळेच. तुमच्याच ब्लॉगवर कोणी पैसे देऊन दुवा मागितला, तर त्याला 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' हा गुणधर्म लावा, म्हणजे तो शिफारस धरू नये हे सर्च इंजिनाला कळतं. नोफॉलो २००५ मध्ये आला, स्पॉन्सर्ड २०१९ मध्ये.

खरे दुवे येतात ते दुसऱ्या लेखकाला उपयोगी पडेल असं काही तुमच्याकडे असलं तर. स्वतः केलेली मोजदाद, कष्टाने जमवलेली यादी, इतर कोणी न काढलेले फोटो. असं काही असेल तर त्याच विषयावर लिहिणाऱ्याला साधं पत्र लिहून कळवा. संकोच वाटतो, मला माहीत आहे. तरी लिहा.

आणि स्वतःच्या ब्लॉगमधले दुवे तर पूर्ण तुमच्या हातात आहेत. 'इथे क्लिक करा' ऐवजी 'चेनची झीज कशी मोजावी' या शब्दांवर दुवा द्या. वाचकाला आणि बॉटला दोघांनाही पलीकडे काय आहे ते आधीच कळतं.

माझीच पोस्ट मी दुसऱ्या व्यासपीठावरही टाकते. शिक्षा होते का?

मजकूर दोन ठिकाणी असण्याची अशी शिक्षा नसते. सर्च इंजिन त्यातली एक प्रत निवडतं आणि तीच दाखवतं. ती तुमचीच असावी असं वाटत असेल, तर दुसऱ्या जागी मूळ पत्ता दाखवणारा कॅनॉनिकल टॅग देता येतो का ते बघा. हा टॅग २००९ पासून आहे, पण तो आज्ञा नसून इशारा आहे. तशी सोय नसेल तर तिथे पोस्टचा सारांश टाका आणि पूर्ण लेखाचा दुवा द्या.

परक्याने पोस्ट चोरली असेल तर गोष्ट वेगळी. प्रताधिकाराच्या आधारे ते पान शोधातून काढण्याची विनंती गुगलला करता येते. स्वतःचा मसुदा आणि प्रकाशनाची तारीख जपून ठेवा.

ब्लॉग हळू उघडतो. त्याने क्रम घसरतो का?

थोडा फरक पडतो, पण चांगलं उत्तर असलेलं हळू पान पोकळ वेगवान पानाच्या वरही राहू शकतं. गुगलने ठरवलेली मापं अशी: पानावरचा सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मजकूर उड्या मारू नये, म्हणजे हलण्याचा गुण ०.१ च्या आत असावा.

ब्लॉगवर नव्वद टक्के दोष फोटोंचाच, असं मी अनुभवावरून बेधडक सांगतो. फोनमधला ४००० पिक्सेल रुंद फोटो जसाच्या तसा चढवला जातो आणि दिसतो मात्र तळहाताएवढ्या जागेत. चढवण्याआधी तो १२०० पिक्सेलवर आणा. आणि ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, लिहा. 'फोटो १' असं नको, 'वाकलेला डिरेलर हँगर, मागून' असं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी तेवढाच तो फोटो असतो. ते कारण मला क्रमापेक्षा मोठं वाटतं.

ब्लॉग फोनवर उघडून बघा. गुगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्तीच इंडेक्ससाठी वाचतं.

प्रश्नोत्तरांचा स्कीमा (सर्च इंजिनासाठी पानाच्या कोडमध्ये घातलेल्या खुणा) लावला की निकालात प्रश्न उघडून दिसतात ना?

पूर्वी दिसायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये गुगलने ती सोय मोजक्या नावाजलेल्या सरकारी आणि आरोग्यविषयक साइट्सपुरती आणली. त्यासाठी प्लगइन घेऊ नका.

एआयकडून पोस्ट लिहून घेतल्या तर? आणि एआय वरच उत्तर देत असेल तर ब्लॉगवर येणार कोण?

दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर: मजकूर कशाने लिहिला याला बंदी नाही. मार्च २०२४ मध्ये गुगलने धोरण कडक केलं ते क्रमासाठी घाऊक प्रमाणात निर्माण केलेल्या निरुपयोगी पानांविरुद्ध, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. शुद्धलेखन तपासायला, मुद्दे लावायला यंत्राची मदत घ्या. पण ज्या पोस्टमध्ये तुम्ही स्वतः काहीच केलेलं, पाहिलेलं नाही, ती इंडेक्समध्ये तरी का जावी?

दुसरा प्रश्न खरा आहे आणि मी त्यावर खोटा दिलासा देणार नाही. गुगलने मे २०२४ पासून निकालांच्या वर एआयचे सारांश दाखवायला सुरुवात केली. एका ओळीत संपणाऱ्या उत्तरांसाठी लोक ब्लॉगवर येण्याचं कारण कमी झालं आहे. ज्यांचा ब्लॉग व्याख्या आणि याद्यांवर चालत होता, त्यांनी तो बदलायलाच हवा.

पण चेनचंच बघा. 'चेन झिजली असेल तर बदला' हे सारांश सांगेल. नव्या चेनच्या बारा पूर्ण जोड्या बारा इंचांत बसतात आणि झिजलेली चेन त्यापुढे सरकते, हेही सांगेल. मात्र तुमच्या चेनवर ठेवलेली पट्टी, बारा इंचांच्या खुणेपलीकडे गेलेली पिन, ती मोजताना पहिल्यांदा तुम्ही पट्टी कुठे चुकीची धरली होती, हे तुमच्याच पोस्टमध्ये असेल. शोधनिकालांचं मूल्यमापन करणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या मार्गदर्शक तत्त्वांत डिसेंबर २०२२ मध्ये 'अनुभव' हा शब्द मुद्दाम घातला गेला. तुमच्याजवळ तो असेल तर तो पोस्टमध्ये दिसू द्या. लेखक म्हणून स्वतःची ओळख सांगणारं एक पानही ठेवा.

'पहिल्या क्रमांकाची हमी' देणाऱ्या माणसाला काम द्यावं का?

नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. आणि कामासाठी मदत घेतलीच, तर आपला पासवर्ड देऊ नका. सर्च कन्सोलमध्ये मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता जोडता येतो.

बदल केले. आता किती दिवस थांबू?

काही बदल काही तासांत दिसतात, काहींना काही महिने लागतात. निदान काही आठवडे जाऊ द्या, आणि तोवर एका पानावर एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. रोज स्वतः शोधून आपला क्रम बघू नका. निकाल जागा, भाषा आणि उपकरण यांप्रमाणे बदलतात. सर्च कन्सोलमध्ये २८ दिवसांची आधीच्या २८ दिवसांशी तुलना करा. आधी पान दिसण्याचे आकडे हलतात, क्लिक मागून येतात.

एक पोस्ट मला शोधातून कायमची काढायची आहे.

पोस्ट हटवा किंवा तिला नोइंडेक्स लावा. बॉट पुढच्या वेळी आला की ती आपोआप गळेल. घाई असेल तर सर्च कन्सोलमधल्या रिमूव्हल्समधून विनंती करा. ती लवकर लपते, पण साधारण सहा महिन्यांपुरतीच, म्हणून आधीचं काम चुकवू नका. आणि हटवण्यापूर्वी त्या पोस्टवर बाहेरून कोणाचे दुवे आहेत का ते बघा. असतील आणि त्याच विषयावर तुमची दुसरी पोस्ट असेल, तर हटवण्याऐवजी तिकडे वळवा.